बैलाचे पाणी आणि यात्रेचे पुण्य

तीर्थयात्रा ही देहाने करावयाची उपासना होय, असे आपल्या परंपरेने मानले आहे. घर सोडावे, ऊनवारा सोसावा, पायी चालावे, उपवास धरावा आणि या कष्टांतून हलके झालेले मन देवापुढे ठेवावे, हा यात्रेचा क्रम. या सोसण्याला तप असे नाव आहे. परंतु यात्रेच्या वाटेवर जे जे जीव सोसतात, ते सर्वच तप करीत नसतात. गाडीला जुंपलेल्या बैलाने नवस बोललेला नसतो. टेम्पोत उभ्या असलेल्या शेळीने उपवासाचा संकल्प सोडलेला नसतो. माणसाची तहान स्वेच्छेची असेल तर तिला व्रताचे मोल येते. बैलाची तहान मात्र केवळ तहानच असते. तेव्हा दुसऱ्याच्या तहानेवरून चालत आलेल्या यात्रेचे पुण्य यात्रेकरूच्या पदरी कितपत पडते, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धाळू मनाने विचारात घेण्यासारखा आहे.

आज बहुसंख्य भाविक एस.टी.ने, जीपने किंवा स्वतःच्या मोटारीने देवदर्शनास येतात. त्यामुळे हा प्रश्न जुना झाला, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. पंढरीच्या वाटेवर पालखीचा रथ बैलच ओढतात आणि पालखीसोबत अश्व चालतात. खंडोबाच्या व बिरोबाच्या यात्रांना धनगर बांधव शेळ्यामेंढ्या घेऊन येतात. पुसेगाव आणि खरसुंडी येथील यात्रांत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो, तेथे बैल आता वाहनातून येतात. आणि पंचक्रोशीतील कितीतरी कुटुंबे अजूनही सकाळी गाडी जुंपून निघतात, दर्शन घेतात, झाडाखाली भाजीभाकरी खातात आणि दिवेलागणीला घरी परततात. एका दिवसाचाच प्रवास, म्हणून तयारीही बेताचीच असते. माणसांसाठी कळशी भरली जाते, शिदोरी बांधली जाते, देवासाठी नारळ, फुले, कापूर घेतला जातो. बैलांच्या वाट्याला वैरणीची पेंढी येते. ‘पाणी काय, मिळेल तेथे पाजू’ असे म्हणून गाडी निघते.

हा ‘मिळेल तेथे’ शब्द महाराष्ट्राच्या दुष्काळी मुलखात किती फसवा आहे, हे शिखर शिंगणापूरच्या वाटेवर ध्यानात येते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, उघड्या डोंगरमाथ्यावर श्रीशंभू महादेवाचे स्थान आहे. यात्रा भरते चैत्रात, म्हणजे ओढे आटलेले, विहिरींचे तळ दिसू लागलेले आणि खडक दुपारी तापून निघालेले असतात. या कोरड्या डोंगरावर भाविक खांद्यावरून काय आणतात, तर पाणी. दूरदूरच्या गावांतून कावडी येतात, मुंगी घाटाची उभी चढण माणसे दोरांच्या व हातांच्या साखळीने चढतात आणि ते जल महादेवाला घातले जाते. जेथे पाणी नाही तेथे पाणी वाहून नेणे, हीच तेथील भक्तीची रीत आहे. त्या डोंगरावरील पुष्कर तलाव मालोजीराजे भोसले यांनी यात्रेकरूंच्या पाण्याची अडचण जाणून बांधविला. म्हणजे राजाने तलाव बांधून पाण्याची सोय केली, तर कावडकऱ्याने खांद्याने. अशा ठिकाणी बैलाचे पाणी तेवढे कोणी नेऊ नये, याला संगती नाही. त्यातून ज्या देवापुढे ते जल घालावयाचे, त्याच्या दारात नंदी बसलेला असतो आणि त्याच्या शिंगांमधून पाहूनच पिंडीचे दर्शन घेण्याची चाल आहे.

कावड म्हटली की मराठी माणसाला संत एकनाथांची कथा आठवते. नाथ गंगाजलाची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. सोबतचे यात्रेकरू हळहळले आणि पुढे गेले. नाथांनी कावड उतरविली आणि शेकडो कोसांवरून आणलेले ते जल गाढवाच्या मुखी घातले. रामेश्वर आपल्याला येथेच भेटला, असा त्यांचा भाव होता. ही कथा शाळेतल्या मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांना ठाऊक आहे आणि कीर्तनात ती निघाली की श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तिच्यातील करुणेबद्दल जितके बोलले जाते, तितके तिच्यातील एका साध्या गोष्टीबद्दल बोलले जात नाही. नाथांजवळ पाणी होते. सोबतच्या यात्रेकरूंपैकी ज्याची कावड रिकामी असती, तो नाथांहून अधिक कळवळला असता, तरी त्या गाढवाचा घसा ओला झाला नसता. कळवळा मनात उपजतो. पाणी मात्र आदल्या ठिकाणी भरून घ्यावे लागते आणि अंगावर वागवावे लागते.

म्हणून जनावरांच्या पाण्याचा विचार हा दयेचा कमी आणि पूर्वतयारीचा अधिक आहे. चैत्राच्या दुपारी माळावर बैल जिभा काढून उभे असताना गाडीवानाला वाईट वाटते, यात संशय नाही. पण त्या क्षणी वाईट वाटण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरलेले नसते. त्याचे कर्तव्य आदल्या संध्याकाळी गोठ्यात होते, पिंप धुऊन भरण्याच्या वेळी. नीतीच्या ग्रंथांत बिकट प्रसंगांची चर्चा पुष्कळ असते. पाणी एकच तांब्या आहे, समोर मूल आहे आणि बैल आहे, तर कोणाला द्यावे? उत्तर सर्वांना माहीत आहे, मुलाला द्यावे. त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. परंतु एका दिवसाच्या यात्रेत असा प्रसंग दैवाने क्वचितच आणलेला असतो. बहुधा तो आळसाने आणलेला असतो, आणि मग त्याला धर्मसंकट म्हणण्यात काही स्वारस्य नाही.

नाथांचा त्याग थोर होता, कारण ते जल देवासाठी आणलेले होते. गाडीवानाने बैलासाठी नेलेले पाणी बैललाच पाजले, तर त्यात त्याग कोणता, असे कोणी म्हणेल. खरेच आहे, त्यात त्याग नाही. आणि नसावाही. वाटेवर संत भेटेल तेव्हाच जनावराला पाणी मिळेल, अशी व्यवस्था जनावराच्या दृष्टीने फारशी भरवशाची नव्हे.

येथे एक अडचण आहे आणि ती खरी आहे. बैलांसाठी गाडीत ठेवलेले पाणी शेवटी ओढतात ते बैलच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. मोठ्या जनावराला दिवसाकाठी सर्वसाधारणपणे ३० ते ५० लिटर पाणी लागते, आणि उन्हात ओझे ओढणाऱ्याला त्याहून अधिक. पहाटे घरी पोटभर पाजून निघाले आणि संध्याकाळी घरी परतून पुन्हा पाजले, तरी मधल्या वेळेसाठी एका जोडीमागे ६० ते ८० लिटर पाणी जवळ असणे इष्ट. म्हणजे चार-पाच बादल्या. हे वजन झाले एका मोठ्या माणसाचे. तेव्हा हिशोब उघड आहे, एक माणूस खाली उतरला की बैलांच्या पाण्याला जागा होते. घरातील एका धडधाकट तरुणाने जाताना पायी चालावे. त्यात त्याची यात्राही अधिक चांगली घडते. संध्याकाळपर्यंत ते पाणी बैलांच्या पोटात गेलेले असते आणि परतीच्या वेळी गाडीत एक जागा मोकळी झालेली असते. ती थकलेल्या आजीला द्यावी की दिवसभर चाललेल्या त्या तरुणाला, हे कुटुंबाने ठरवावे. चढणीवर मात्र वृद्ध व लेकरे सोडून सर्वांनीच उतरावे, ही जुनी रीत होती आणि ती योग्यच होती.

देवस्थानाच्या गावी पाणी मिळेलच, असा दुसरा आक्षेप असतो. मिळतेही. पण ते कोणाचे असते, हे पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात अनेक डोंगराळ क्षेत्रांच्या गावी खुद्द गावकरी टँकरवर अवलंबून असतात. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशासह राज्याच्या अनेक भागांत जनावरे चारा छावण्यांत नेऊन बांधावी लागली. २०१९ च्या उन्हाळ्यातही तीच वेळ आली. अशा गावात यात्रेच्या दिवशी शेकडो पाहुणी जनावरे येऊन हौदाला लागली, तर दुसऱ्या दिवशी गावच्या गाईम्हशींनी काय प्यावे? पाहुणा घरी आला तर यजमानाने पाणी द्यावे हा यजमानाचा धर्म आहे. यजमानाच्या रांजणात किती पाणी आहे हे पाहून येणे हा पाहुण्याचा. आपल्या जनावरांचे पाणी सोबत नेणारा भाविक आपल्या बैलांबरोबर त्या गावच्या मुक्या जीवांचाही विचार करतो.

दर्शनाची वेळ टळेल, पालखी निघून जाईल, म्हणून वाटेत थांबता येत नाही, असेही म्हटले जाते. महाभारताच्या द्रोणपर्वातील एक प्रसंग या संदर्भात चिंतनीय आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, अन्यथा अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. दिवस कलत चालला होता. रथाचे घोडे बाणांनी जखमी झाले होते, थकले होते, तहानलेले होते. याहून मोठी घाई कोणत्या यात्रेकरूला असणार? तरीही भर रणांगणात रथ थांबविण्यात आला. अर्जुन खाली उतरला आणि पायी उभा राहून शत्रूंना थोपवीत राहिला. घोड्यांना पिण्यास पाणी नाही, असे श्रीकृष्णांनी सांगताच त्याने बाणाने भूमी भेदून सरोवर निर्माण केले. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि विसावा मिळाल्यावर पुन्हा जुंपले. गीतेचा उपदेश करणारे भगवंत येथे मोतद्दाराचे काम करीत आहेत. आणि ज्याचा जीव पणाला लागला आहे तो अर्जुन, घोडे विसावा घेत असताना, स्वतः उभा आहे. दर्शनाची रांग त्या मानाने सवडीची म्हटली पाहिजे.

पुष्कळदा मंदिराच्या दारी असे दृश्य दिसते. भाविक गोग्रासासाठी चाऱ्याची पेंडी विकत घेतात, बांधलेल्या गाईला श्रद्धेने चारतात, तिच्या पाठीवरून हात फिरवून तो कपाळी लावतात. हे चांगलेच आहे. जेवण्यापूर्वी गाईचा घास काढून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. परंतु त्याच वेळी वाहनतळाच्या कडेला, उन्हात, त्याच भाविकाची बैलजोडी सकाळपासून पाण्यावाचून उभी असेल, तर काय म्हणावे? अनोळखी गाईला दिलेला घास हे दान आहे. स्वतःच्या बैलाला दिलेले पाणी हे दान नव्हे, ते ऋण आहे. ज्याच्या मानेवर शेत पिकले, ज्याच्या पायांनी देवाचे दार गाठले, त्याचे देणे आधी चुकते करावयाचे असते. देणेकऱ्याला दारात ताटकळत ठेवून दानधर्म करणाऱ्याला व्यवहारात कोणी उदार म्हणत नाही. वर्षातून एकदा पोळ्याला किंवा बेंदराला, आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळावयाचे, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून पुरणपोळी चारावयाची आणि यात्रेच्या दिवशी त्याची तहान विसरावयाची, हा मेळ बसत नाही.

खिलार बैल काटक असतो, त्याला सवय असते, असे अनुभवी माणसेही सांगतात. काटक असतो हे खरे. पण सोसण्याची शक्ती असणे आणि त्रास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनावर बोलत नाही, आणि कळपात राहणाऱ्या प्राण्याला दुबळेपणा लपविण्याची उपजत सवय असते. म्हणून पाहणाऱ्याला नजर लागते. निरोगी बैलाच्या नाकपुडीभोवती दवासारखा ओलावा असतो, तो सुकला म्हणजे समजावे. डोळे खोल गेले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत झाली नाही, बैल तोंड उघडून धापा टाकू लागला, म्हणजे उशीर होऊ लागला आहे. ज्याला ही लक्षणे वाचता येतात त्याच्यापुढे मुके जनावर मुके राहत नाही.

कायद्यानेही या बाबतीत काही मर्यादा घातल्या आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा अपराध आहे. ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम सांगतात की त्यांना दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये, आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपूच नये. सजीवांविषयी दया बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे. दुपारच्या या तीन तासांचा नियम तर जुन्या गाडीवानांच्या रिवाजाशी तंतोतंत जुळतो, तेही ऊन चढले की गाड्या सोडून झाडाखाली बसत.

आता प्रत्यक्ष पाणी कसे न्यावे, याविषयी. एक मोठे पिंप नेण्यापेक्षा वीस-वीस लिटरचे झाकणाचे चार कॅन बरे. अर्धवट भरलेल्या मोठ्या पिंपातील पाणी हिंदकळते आणि त्याचा हिसका बैलांच्या मानेला बसतो. लहान कॅन काठोकाठ भरावेत आणि एकेक करून रिकामे करावेत. ते गाडीच्या आसावर, मध्यभागी ठेवावेत. भार पुढे गेला तर मानेवर येतो, मागे गेला तर जू उचलले जाऊन गळ्याची सापती आवळते. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे रिकामे भांडे कितीही घासले तरी या कामी वापरू नये. वरून ओले गोणपाट टाकले म्हणजे पाणी तापत नाही.

घरचे पाणी नेण्यात आणखी एक सोय आहे. जनावराचे नाक तिखट असते. औषध टाकलेल्या किंवा परक्या वासाच्या पाण्याला ते तहान असूनही तोंड लावीत नाही. तसे झाले तर पाण्यात मूठभर पेंड कालवून पाहावी. बादली स्वतःची असावी. यात्रेतील सामाईक हौदातून लाळ्या-खुरकूत रोगाचा प्रसार होतो, आणि २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे विसरता येत नाही. फार वेळ तहानलेल्या जनावराला, विशेषतः वासराला, एकदम भरमसाट पाणी पाजू नये. थोड्या थोड्या अंतराने द्यावे. शेळीमेंढी असेल तर प्रत्येकी पाच-सात लिटरच्या हिशोबाने पाणी घ्यावे आणि टेम्पो सावलीत थांबवून उथळ पाटीतून पाजावे; बादलीत मागची मेंढी पोचत नाही.

देवस्थानांना देणगी देणाऱ्या दानशूर भाविकांसाठीही येथे काम आहे. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म म्हणून सर्वमान्य आहे आणि गावोगावच्या पाणपोयांवर दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली दिसतात. पूर्वी विहिरीलगत जनावरांसाठी दगडी हाळ असे. माणसासाठी पोहरा तसा गुरांसाठी हाळ, असा तो जोड होता. पायऱ्यांच्या बारवेत माणूस उतरे, गुरे उतरू शकत नसत, म्हणून त्यांचे पाणी वर काढून हाळात सोडले जाई. नळ आले, विहिरी बुजल्या आणि हाळ कोठे तरी कोरडा पडून राहिला. त्यावर नावाची पाटी लावण्याची पद्धत नसल्यामुळे की काय, त्याच्याकडे दात्यांचे लक्ष फारसे जात नाही. वाहनतळाजवळ, झाडाच्या सावलीत, गुडघ्याएवढ्या उंचीचा एक हाळ, त्याला तळाशी बूच आणि रोज सकाळी तो रिता करून घासणारा एक माणूस, एवढे पुरेसे होते. यांत माणूस सर्वांत महत्त्वाचा. शेवाळलेले, डासांनी भरलेले पाणी जनावरेही टाळतात. म्हणून हाळ बांधण्यास देणगी देताना त्याच्या बारमाही निगराणीचीही तरतूद करावी. वाटेवर ठराविक अंतरावर गावकऱ्यांच्या संमतीने एक दिवसाचा टँकर उभा करणे, हेही यात्राकाळात उपयोगाचे ठरते.

नेलेल्या पाण्याचे दिवसात तीन भाग करावेत. पहिला अर्ध्या वाटेवर, दुसरा मुक्कामी पोचल्यावर गाडी सोडून, बैलांची धाप बसल्यावर, आणि मगच माणसांनी दर्शनाच्या रांगेकडे निघावे. तिसरा भाग परतीसाठी राखावा. तो मंदिराच्या आवारात हातपाय धुण्यास किंवा भांडी विसळण्यास काढू नये. परतताना उन्हे कललेली असतात, बैल घराच्या ओढीने वेगाने चालतात आणि त्यांना तहान नाही असा समज होतो. तरी निम्म्या वाटेवर गाडी थांबवून बादली पुढे धरावी. उरलेच तर ते वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या गाडीवानाला विचारावे, आणि त्यालाही नको असेल तर ज्या झाडाखाली दुपार काढली त्याच्या बुंध्याशी ओतावे.